मुकादमची भूक

वानखडे नर्सबाई माणसाचं तोंड नंतर बघायच्या, आधी हात बघायच्या. मी ग्रामसेविका म्हणून फुलसावंगीला रुजू झाले, तेव्हा बावीस वर्षांची होते. यवतमाळच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. दवाखान्यामागे दोन खोल्या होत्या. एक मला मिळाली, दुसरीत त्या राहत. ट्रंक उतरवून मी दारात उभी राहिले, तर त्या समोर आल्या, माझा पंजा हातात घेऊन नखं पाहिली आणि म्हणाल्या, "कापजो. वाढलेली नखं अन् न उकळलेलं पाणी, दोन्ही मले चालत नाही." मग कुठे तोंडाकडे पाहून हसल्या. "जेवली का वं पोरी?"

त्यांच्या मागच्या आयुष्याबद्दल मला फारसं कधीच कळलं नाही. नवरा लवकर गेला होता. नागपूरला सुईणपणाचं शिक्षण घेतलं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्या त्या पांढरं लुगडं नेसूनच, आणि पुढे रंगीत कधी नेसल्या नाहीत. खोलीत एका कोनाड्यात मातीची लहानशी बुद्धमूर्ती, खाली उकळायची पातेली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. बाकी सहा दिवस दवाखाना म्हणजे नर्सबाईच.

हातात सदा काळी छत्री. ती उन्हासाठी कमी आणि रस्त्यातल्या गुरांसाठी जास्त. तिसरा उपयोग नवऱ्यांसाठी. एकदा एका घरी बाळंतीण आत कळा देत होती आणि नवरा ओट्यावर विडी ओढत बसला होता. बाईंनी छत्रीचं टोक त्याच्या खांद्याला लावलं. "तुह्यानं काही होत नाही ना? मंग पाणी उकळ. धा घागरी." दोन पुरल्या असत्या. मी नंतर विचारलं, दहा कशाला? तर म्हणाल्या, "अवं, चुलीपाशी बसलं म्हणजे त्याले घाम येईन. तिले येतो तेवढा नाही, पण येईन."

गावात त्यांना मान होता, आणि त्या मानाला हद्द होती. बाळंतिणीच्या खोलीपर्यंत थेट जायच्या. काम झालं की त्यांचे हात अंगणात धुतले जात, वरून कोणीतरी पाणी ओतायचं. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "पोट्टं रडलं का नाही ते मी पाहते. बाकीचं पाहत बसली तं हात थरथरतीन."

एका माणसाबरोबर मात्र त्यांचं खरं मैत्र होतं. पार्वताकाकू. गल्लीच्या टोकाला त्यांचं मोठं घर, वाडीत केळीची बाग, दोन म्हशी, गल्लीत रोज गव्हाच्या पोळ्या होणारं एकच घर. काकूंची सून शेवंता पहिल्या खेपेला मरता मरता वाचली होती, ती नर्सबाईंमुळे. तेव्हापासून रोज दुपारी काकू नर्सबाईंच्या ओट्याशी यायच्या. पायरीवर बसायच्या, ओट्यावर नाही, पण तास तास बसायच्या. दोघी वाती वळायच्या, सुना-लेकींचं बोलायच्या, एकमेकींना टाळ्या द्यायच्या. नर्सबाई म्हणायच्या, "मले बहीण नाही. ही हाय." मी दूध काकूंकडूनच आणायची. सणाला त्या मला घरात बोलावून वाढायच्या.

मुकादम आला तो तांड्यावरून. एका बंजारा बाईचं आडवं मूल नर्सबाईंनी सोडवलं होतं. आठ दिवसांनी ती बाई झळझळीत फेटिया घागरा नेसून, दंडभर चुडे वाजवत आली आणि पदराखालून कुत्र्याचं पिल्लू काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "याडी, हे घे." याडी म्हणजे आई. नर्सबाई कोणाकडून काही घेत नसत. नको नको म्हणाल्या. तोवर पिल्लानं त्यांच्या लुगड्याचा काठ तोंडात धरला होता. तांड्यावरची ती शिकारी जात, पाय लांब, कमरेत बारीक, अंगावर करडे पट्टे. दोन दिवसांत ते छाती काढून दवाखान्याच्या रांगेपुढून फिरायला लागलं, प्रत्येकाचा वास घेत, जणू हजेरीच घेतंय. म्हणून मुकादम.

पहिले दोन महिने त्यानं खाण्याचा त्रास दिला नाही. ज्वारीची भाकर ताकात कुस्करून दिली की ताटली चाटूनपुसून रिकामी. मग अचानक एके दिवशी हुंगलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवसांनी पुन्हा अधाशासारखं खाल्लं, तीन दिवस खात राहिलं, मग पुन्हा बंद.

नर्सबाईंनी शेकडो अशक्त पोरं जगवली होती. त्यांचं सगळं शास्त्र त्यांनी मुकादमवर चालवलं. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून पाहिलं. डाळीचं पाणी दिलं. खाटकाकडून हाडं आणून उकळली. ताटली जमिनीवर ठेवून स्वतः समोर मांडी घालून बसायच्या आणि आपल्या ताटातला घास तोंडात घालून मोठ्यानं मचमच करायच्या. "पहाय, मी खाऊन राह्यली. लय गोड हाय." मुकादम मान वाकडी करून बघायचा, शेपूट हलवायचा, आणि खायचा नाही. मग त्या त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. "पाहत बसलं का पोट्टे खात नाहीत," मला कुजबुजून सांगायच्या, आणि मीच त्यांच्या वतीनं चोरून बघायची. "खाल्लं का?" "नाही." "आता?" "नाही, बाई."

दुपारी काकू आल्या की बोलणं एवढंच. काकू मनापासून ऐकायच्या. कपाळाला हात लावायच्या. "ओव्याचं पाणी द्या, बाई." दिलं. "ताकात हिंग टाका." टाकला. एके दिवशी काकू म्हणाल्या, "पोट साफ नाही त्याचं. एरंडेल पाजा. माझ्या मायनं वासराले पाजलं होतं, चौथ्या दिवशी दावं तोडे."

नर्सबाई जरा थांबल्या. लहान जिवाला एरंडेल त्या सहसा देत नसत. पण बहिणीनं सांगितलं होतं. पाजलं. जबडा धरून, चमच्यानं. मुकादम रात्रंदिवस परसात पळत राहिला आणि दोन दिवस निपचित पडला. मग खाल्लं त्यानं. "पहा, गुण आला," काकू म्हणाल्या. आठवड्यानं पुन्हा बंद. पुन्हा एरंडेल.

आता इथे माझं सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या एरंडेलानंतर काही दिवसांनी मी सकाळी दुधाला गेले. समोर कोणी नव्हतं, म्हणून मागच्या परसात डोकावले. गोठ्याच्या खांबाला मुकादम बांधला होता, आणि काकूंचा मुलगा रामराव त्याला दुधात कुस्करलेली पोळी खाऊ घालत होता. मुकादम गपागपा खात होता. काकू आतून आल्या, मला पाहून दचकल्या, मग माझा हात धरला. "नर्सबाईले नका सांगू बरं का. पोराले कुत्र्याचा लळा लागला. त्यांना उगंच वाईट वाटन." आणि माझ्या लोट्यात मापापेक्षा थोडं जास्त दूध ओतलं.

मी सांगितलं नाही. मला वाटलं, कुत्र्याचीच तर गोष्ट. दोन बायकांच्या मैत्रीत मी कशाला खडा टाकू? खरं कारण असं की काकूंच्या घरची ऊब मला सोडायची नव्हती. त्याच संध्याकाळी नर्सबाईंनी तिसऱ्यांदा एरंडेल काढलं. मुकादम त्यांना पाहून खाटेखाली शिरला. "पोरी, जरा पाय धर त्याचे," त्या म्हणाल्या. मी धरले.

या वेळी त्याचं रक्त पडायला लागलं. डोळे आत गेले. नर्सबाईंनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली. पुसदला ढोरांचा दवाखाना होता. माझी तिथे मीटिंग होती, म्हणून आम्ही एकाच मोटारीनं निघालो. निघायच्या आधी मुकादम परसाकडे म्हणून गेला, तो बऱ्याच वेळानं परत आला. कंडक्टर म्हणाला, कुत्रं चालणार नाही. बाईंनी टोपलीवरचं फडकं न काढताच विचारलं, "तुही पोरगी आता केवढी झाली रे? पायाळू होती ना?" कंडक्टर मान खाली घालून पुढे गेला.

ढोरांच्या डॉक्टरांनी टेबलावर ठेवून पोट दाबलं, आणि मुकादम तिथेच ओकला. डॉक्टरांनी काडीनं पाहिलं. "बाई, हे कुत्रं उपाशी कुठं आहे? सकाळीच जेवलंय. गव्हाची पोळी दिसते, दूध आहे. याला रोग नव्हताच. रोग तुम्ही केला. आणखी एकदा पाजलं असतं तर मेलंच असतं."

परतीच्या मोटारीत त्या फडक्यावरून हात फिरवत राहिल्या. टोपली मांडीवर होती. मग म्हणाल्या, "आपल्याकडं तं ज्वारी हाय. त्याले पोळी कोण देत असन, पोरी?"

मी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "काय माहीत."

त्यांनी आठवडाभर त्याला खोलीतच ठेवलं, भाताची पेज पाजून उभं केलं. मग एका सकाळी दार उघडं टाकलं आणि मागून चालत गेल्या. मी तेव्हा नेमकी काकूंच्या परसात दुधाचा लोटा घेऊन उभी होते. मुकादम धावत आला तो थेट खांबापाशी. रामरावनं ताटली ठेवली. आणि परसाच्या फाटकात पांढरं लुगडं दिसलं.

नर्सबाई आत आल्या नाहीत. फाटकाच्या लाकडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. काकू गोठ्याच्या दारात होत्या.

"अवं पार्वताबाई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "मागतलं असतं तं दिलं नसतं का मी?"

रामराव म्हणाला, "शेतावर राखणीले असंच कुत्रं पायजे होतं, बाई."

"तेच म्हणते मी. मागाचं होतं."

"मागायचं कसं?" काकू शेवटी बोलल्या. रडत बोलल्या. "तुमच्या दारातून दान घेतलं म्हणले असते लोक. पार्वताच्या घरानं वानखडेबाईपुढं हात पसरला म्हणले असते. मले दोन लेकी उजवायच्या हायेत, बाई."

"अन् चोरलेलं चालते?"

काकूंनी म्हशीचं दावं हातात धरलं. नर्सबाईंच्या मनात काहीतरी जुळत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसलं. "मंग एरंडेल काहून सांगतलं?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. रामराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "माय म्हणे, कडू पाजलं का तिथून त्याचं मन उडते."

"तीनदा पाजलं मी," नर्सबाई म्हणाल्या. "जबडा धरून. या हातानं."

काकूंना ते सोसलं नसावं. माणूस कोंडीत सापडलं की दुसऱ्याला पुढे ढकलतं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मी एकटीच वाईट का? या बाईले इचारा. यांनी पाह्यलं होतं. पंधरा दिवस झाले."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशीसारखं हातांकडे नाही. सरळ डोळ्यांत.

"खरं हाय?"

"हो."

त्या वळल्या. फाटकातूनच हाक मारली, "मुकादम!" तो उठला. शेपूट हलवत जवळ आला. त्यांनी हात पुढे केला. त्यानं हात हुंगला, दोन पावलं मागे सरकला आणि खाली बसला. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही.

"लोटा सरळ धरा, ग्रामसेविकाबाई," त्या म्हणाल्या. "तुमचं दूध सांडून राह्यलं."

त्या दिवसापासून त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नाही.

नर्सबाईंच्या लोकांच्या बौद्धवस्तीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळी सात-आठ तरणी मुलं दवाखान्यासमोर जमली. आमच्या बाईचं कुत्रं चोरलं, आता आणतो सोडवून, असं म्हणत होती. दोघांच्या हातात काठ्या होत्या. नर्सबाई ओट्यावर आल्या. "किसना, तू माह्या हातावर आला. गंगाराम, तू बी. नाळ कापली मी तुमची. उद्या तिकडचे पन्नास येतीन, तेही माह्याच हातावर आलेले. मंग मी कोणाचं डोकं शिवू? घरी जा." ती मुलं मुकाट गेली. बाई तिथेच पायरीवर बसल्या, काकू बसायच्या त्या पायरीवर. मी माझ्या दारात उभी होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी एकदा माफी मागायला गेले. त्या कात्र्या उकळत होत्या. मी काय काय बोलले ते आठवत नाही, त्या काय बोलल्या ते शब्द न् शब्द आठवतं. "पहिलं एरंडेल पार्वताबाईच्या नावचं. दुसरंही तिच्याच नावचं. तिसरं तुमच्या नावचं, बाई. तुम्हाले माहीत असून पाय धरले तुम्ही." आणि चिमट्यानं एकेक कात्री फडक्यावर मांडत राहिल्या.

काही महिन्यांनी शेवंताला दिवस भरले. सकाळी रामराव आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. गावात सगळ्यांना वाटत होतं की बाई जाणार नाहीत. नर्सबाईंनी त्याला पाहिलं, आत गेल्या, पेटी आणि छत्री घेऊन बाहेर आल्या. "किती वेळ झाला पाणी फुटून?" एवढंच विचारलं आणि त्याच्या पुढे चालायला लागल्या.

मदतीला मलाही बोलावलं होतं. मूल अडकलं होतं. दुपार कलेपर्यंत बाईंनी पाठ टेकली नाही. शेवंता ओरडली की तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायच्या, "मी हाय ना वं पोरी. मी हाय." शेवटी मुलगी झाली. रडली नाही. बाईंनी पाय धरून उलटी केली, पाठीवर चापटी मारली, तोंडातला चिकटा स्वतःच्या तोंडानं ओढून काढला. मग ती रडली. खोलीत होत्या नव्हत्या त्या सगळ्या बायका रडायला लागल्या. बाई तेवढ्या कोरड्या होत्या.

काकूंनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. "मुकादमले घेऊन जा, बाई. आजच घेऊन जा. मले पाप लागलं."

नर्सबाईंनी पाय हळूच सोडवून घेतले. "आधी मायचं दूध लावा तोंडाले. मध-बिध चाटवू नका." हात धुवायला अंगणात गेल्या. या वेळी काकू स्वतः पाणी ओतायला धावल्या आणि म्हणाल्या, आत या, न्हाणीत धुवा. बाई अंगणातच वाकल्या. हात धुऊन निघाल्या. वाटेत मुकादम बसला होता, आता पुरता वाढलेला, देखणा. त्यांना पाहून उभा राहिला. त्या त्याच्या बाजूनं वळसा घालून गेल्या.

वर्षभरानं माझी नेरला बदली झाली. निघताना मी नमस्कार केला. "सुखी राहा," म्हणाल्या त्या. आशीर्वादात काही कमी नव्हतं.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, सहासष्ट-सदुसष्टच्या सुमारास. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या गाडीत त्या पुढच्या बाकावर होत्या. केस पांढरे झाले होते. त्यांचीही बदली होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी मला ओळखलं, सरकून जागा दिली, माझ्या नवऱ्याची, मुलांची चौकशी केली. शेवंताची मुलगी शाळेत जाते, पार्वताबाई दरसाल दिवाळीला पत्र लिहवून पाठवते, हेही सांगितलं. "तुम्ही उत्तर देता?" मी विचारलं. "देते. काहून नाही द्यायचं?"

मला धीर आला. इतकी वर्षं छातीत अडकलेलं मी विचारून टाकलं, "बाई, माझ्यावरचा राग गेला का?"

त्या बाहेर बघत होत्या. कपाशी फुटली होती.

"पार्वताबाईवर राग होता," त्या म्हणाल्या. "राग जाते. तिची नात रडली तेव्हाच गेला." मग माझ्याकडे वळल्या. आवाजात कडवटपणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुमच्यावर राग नव्हता, बाई. भरवसा होता."

पुढे एका फाट्यावर गाडी थांबली. खाली एक माणूस दमणी जुंपून वाट पाहत होता, घाबरलेला, टोपी हातात. नर्सबाई पेटी घेऊन उतरल्या. "किती वेळ झाला?" त्यांनी त्याला विचारलेलं मला ऐकू आलं. त्याचं उत्तर ऐकू आलं नाही. ते ऐकून त्या मात्र बसायलाही थांबल्या नाहीत. पेटी दमणीत टाकली, पदर खोचला आणि बैल वळवून होईपर्यंतही न थांबता त्या कच्च्या वाटेनं पायीच पुढे निघाल्या. गाडी सुटली. मी मान वळवून बघत राहिले. दोन्ही बाजूंच्या कपाशीच्या रानातून ते पांढरं लुगडं भराभरा चालत होतं, दमणी मागून त्यांना गाठायला बघत होती.